वाळवंटातलं तळं आणि चवदार तळ्याचा प्रश्न



ऑक्टोबर २०२३ मध्ये एक आठवडा मी मित्रमैत्रिणींसोबत अमेरिकेतल्या लेक पॉवेल या जलाशयावर मासे धरत होते. त्याचे फोटो पाहून आपल्यातल्याच काही कार्यकर्त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. एक, इकडे गावागावात टँकरच्या वाटा बघणं सुरू असताना चळवळीतल्या बाईला ही चैन सुचते कशी? दोन, तुम्ही बौद्ध, रोज पंचशील म्हणता, मग गळ कसा टाकता? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरं मी देणार आहे. पण तिसरा एक प्रश्न कुणीच विचारला नाही. ते पाणी कुणाचं? माझ्या मते हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट शोधत गेलं तर आपण त्याच प्रश्नापाशी पोहोचतो.

आधी जागा समजून घेऊ. लेक पॉवेल हा नैसर्गिक तलाव नाही. अ‍ॅरिझोना आणि युटा या दोन राज्यांच्या सीमेवर, तांबड्या दगडाच्या वाळवंटात कोलोराडो नदीवर ग्लेन कॅनियन नावाचं धरण आहे. उंची ७१० फूट. १९६३ साली त्याचे दरवाजे बंद झाले आणि जलाशय पूर्ण भरायला १९८० उजाडलं. भरलेला असताना त्याची लांबी सुमारे ३०० किलोमीटर होते. आज तो तसा भरत नाही. पूर्ण पातळी ३,७०० फूट. २०२३ च्या सुरुवातीला ती ३,५२५ फुटांच्याही खाली गेली होती. आम्ही गेलो तेव्हा थोडं पाणी वाढलेलं होतं, तरी दोन्ही बाजूंच्या कड्यांवर पांढरा पट्टा स्पष्ट दिसत होता. हौदातलं पाणी आटल्यावर भिंतीवर क्षाराची रेघ राहते ना, तसाच. फक्त कित्येक मजले उंच.

मी एका परिषदेसाठी तिकडे गेले होते. तिकीट आयोजकांचं. फिनिक्स शहरात माझी एम.ए.ची वर्गमैत्रीण राहते, तिचा नवरा नागपूरचा, आणि कॅलिफोर्नियातून आलेला लातूरचा एक जुना मित्र आणि त्याची बायको. असे पाच जण. एक जुनी हाऊसबोट वर्गणी काढून भाड्याने घेतली, मासेमारीचे परवाने काढले आणि सात दिवस पाण्यावर राहिलो.

आता पहिला प्रश्न. चळवळीतल्या माणसाने सुट्टी घ्यावी का? आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे की कार्यकर्ता म्हणजे सतत धावणारा, उपाशी, झोप न झालेला माणूस. जो विश्रांती घेतो त्याची निष्ठा कमी. मला हे मान्य नाही, आणि बाबासाहेबांनाही ते मान्य झालं नसतं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी विधेयक मांडलं होतं. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, याची झडती घेणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली ती याच कारणासाठी. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीमुळे संस्कृती घडते, आणि लोकशाहीत ही फुरसत मूठभरांची नाही तर प्रत्येकाची असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

आपल्या आजी-आजोबांच्या आयुष्यात फुरसत नव्हती. माझे आजोबाही मासे धरायचे. मृगाचा पहिला पूर ओढ्याला आला की ते सांडव्याखाली टोपली लावून बसायचे. ती हौस नव्हती. त्या दिवशी घरात कालवण व्हायचं, आणि उरलेले मासे वाळवून ठेवले तर पुढच्या चार दिवसांची सोय व्हायची. त्यांच्या नातीने मजेसाठी गळ टाकून बसावं, यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. आजोबांच्या टोपलीत आणि माझ्या गळात फरक आहे. तो फरक गरज आणि हौस यांचा आहे. इथून दुसऱ्या प्रश्नाकडे जाता येतं.

लेक पॉवेलमध्ये सर्वात जास्त मिळतो तो पट्टेवाला बास. हा मूळचा अटलांटिक समुद्रकिनाऱ्याकडचा मासा. शिकारीच्या खेळासाठी १९७४ साली तो इथे आणून सोडला. तो इतका वाढला की आता सरकारच म्हणतं, हवे तेवढे धरा, मर्यादा नाही. आमिष म्हणून अँकोव्ही लावतात, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला छोटा मासा. कड्याच्या सावलीत बोट उभी करायची, आमिषाचे तुकडे पाण्यात टाकायचे आणि गळ खोल सोडायचा. थवा खाली आला की मग दम घ्यायला वेळ मिळत नाही. पहिल्याच सकाळी दहा वाजेपर्यंत आमचे तेवीस मासे झाले. लातूरच्या मित्राने आईने पाठवलेलं काळं तिखट घालून रस्सा केला. दुपारी पोटं भरली होती आणि बर्फाच्या पेटीत अजून सोळा मासे पडून होते.

मैत्रिणीच्या नवऱ्याने तेव्हाच विषय काढला. तो म्हणाला, "ताई, सरकार म्हणतं मर्यादा नाही. पण आपली मर्यादा काय?"

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेबद्दल जे लिहिलं आहे, ते आपल्या तरुणांनी पुन्हा एकदा वाचावं. बुद्धाने अहिंसा हा नियम म्हणून सांगितला नाही, तत्त्व म्हणून सांगितला, असं ते मांडतात. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावतं. आणि मग ते एक फरक करतात. गरज म्हणून मारणं वेगळं आणि मारण्याची इच्छा म्हणून मारणं वेगळं. जैनांसारखी संपूर्ण बंदी नाही आणि यज्ञात बळी देणाऱ्या ब्राह्मणी धर्मासारखी मोकळीकही नाही. मधला मार्ग आहे, पण तो सोपा नाही, कारण प्रत्येक वेळी स्वतःला विचारावं लागतं की ही माझी गरज आहे की माझी इच्छा?

आम्ही त्याच दुपारी ठरवलं की पातेल्याला लागतील तेवढेच मासे धरायचे. पाच माणसं, दोन वेळा. तेवढे झाले की गळ गुंडाळायचा. पुढचे सहा दिवस हे पाळलं. एखाद्याला वाटेल की यात काय मोठं? मासा मेला तो मेलाच. खरं आहे. पण मर्यादा कुठे आखायची हे परवान्याच्या कागदावरून ठरवायचं की स्वतःच्या विवेकावरून, हा शीलाचा प्रश्न आहे. पहिलं शील रोज म्हणायचं असेल तर त्याचा हिशेब रोज द्यावा लागतो.

चौथा दिवस १४ ऑक्टोबरचा होता. धम्मचक्र प्रवर्तन दिन. संध्याकाळी बोटीच्या छतावर मोबाईलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लावून आम्ही त्रिसरण-पंचशील घेतलं. पण त्या दिवशी सकाळी आणखी एक गोष्ट घडली, आणि तिने मला तिसऱ्या प्रश्नाकडे नेलं.

त्या सकाळी कंकणाकृती सूर्यग्रहण होतं. जलाशयाचा दक्षिण किनारा नवाहो नेशनचा आहे. नवाहो हे तिथले मूळनिवासी. ते स्वतःला दिने म्हणतात. त्यांचा स्वतःचा प्रदेश आणि स्वतःचं शासन आहे. ग्रहण असेपर्यंत घरात बसायचं, खायचं-प्यायचं नाही, सूर्याकडे बघायचं नाही, अशी त्यांची परंपरा. म्हणून त्या सकाळी नवाहो शासनाने आपली सगळी पर्यटनस्थळं बंद ठेवली. जगभरातून माणसं ग्रहण बघायला आलेली, हॉटेलं भरलेली, आणि यांनी दारं लावून घेतली. आमच्या मित्राला हसू आलं. "आपण ज्या अंधश्रद्धेतून बाहेर पडलो, तीच इथे," तो म्हणाला.

मी त्याच्याशी वाद घातला. ग्रहणात माझी श्रद्धा नाही. आम्ही काळे चष्मे लावून ग्रहण बघितलं, चहाही प्यायलो. पण आपल्याकडे ग्रहण काय होतं ते आठवा. ग्रहण सुटलं की "दे दान सुटे गिऱ्हाण" म्हणत महार-मांगांनी दारोदार फिरायचं आणि वरून टाकलेले जुने कपडे आणि दाणे झेलायचे. ती आपली परंपरा नव्हती. ती आपल्यावर लादलेली जागा होती. दिने लोकांचं तसं नाही. त्यांची परंपरा त्यांची आहे, तिच्यावर टीका करायची तर तीही त्यांच्यातल्या लोकांनी करावी. आपल्या जमिनीचं दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं हे ठरवायचा अधिकार त्यांनी बजावला. माझं लक्ष त्या अधिकाराकडे गेलं. आणि मग दोनच दिवसांनी मला दिसलं की दार लावायचा अधिकार असलेल्या या लोकांना घरात पाण्याचा नळ नाही.

सहाव्या दिवशी बर्फ आणि पिण्याचं पाणी संपलं म्हणून आम्ही पेज नावाच्या गावात गेलो. पेज हे धरण बांधणाऱ्या कामगारांसाठी १९५७ नंतर वसवलेलं गाव. ज्या टेकडीवर ते वसलं, ती जमीन नवाहो लोकांची होती. केंद्र सरकारने ती बदली जमीन देऊन घेतली. गावात वाळवंटाच्या मधोमध हिरवंगार गोल्फचं मैदान आहे. गावाबाहेर पाणी भरण्याची एक जागा होती. तिथे साठीच्या पुढची एक दिने बाई आपल्या पिकअप गाडीतली हजारेक लिटरची प्लास्टिकची टाकी भरत होती. सोबत नातू. मैत्रिणीने विचारलं, किती लांबून आलात? ती म्हणाली, जाऊन-येऊन ऐंशी मैल. आठवड्यातून दोनदा. मेंढ्या असल्या की तीनदा.

नवाहो नेशनमध्ये साधारण तीनपैकी एका घरात नळाचं पाणी नाही. ही जगातल्या सर्वात श्रीमंत देशातली गोष्ट आहे, आणि त्यांच्याच सीमेला लागून तीनशे किलोमीटरचा जलाशय पसरलेला आहे.

हे असं का, याचं उत्तर निसर्गात नाही. ते कागदात आहे. १९२२ साली कोलोराडो नदीच्या खोऱ्यातल्या सात राज्यांनी नदीचं पाणी आपसात वाटून घेण्याचा करार केला. त्या बैठकीत एकाही मूळनिवासी जमातीचा प्रतिनिधी नव्हता. कसा असणार? मूळनिवासींना अमेरिकेचं सरसकट नागरिकत्वच १९२४ साली मिळालं, आणि अ‍ॅरिझोनात मतदानाचा हक्क १९४८ साली. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी प्रतिनिधित्व मागितलं, तेव्हा अनेकांना ते जागांचं भांडण वाटलं होतं. ज्या टेबलावर पाणी वाटलं जातं, त्या टेबलाशी आपली खुर्ची नसेल तर शंभर वर्षांनी आपली नातवंडं टाकी घेऊन ऐंशी मैल फिरतात. प्रतिनिधित्वाचा अर्थ इतका साधा आहे.

कुणी म्हणेल, त्यांना कायद्याने हक्क नाही का? आहे. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विंटर्स खटल्यात सांगितलं की एखाद्या जमातीसाठी जमीन राखून ठेवली, तर त्या जमिनीवर जगायला लागणारं पाणीही राखून ठेवलं असं मानावं लागेल. हक्क कागदावर आला. त्यानंतर एकशे पंधरा वर्षांनी, २२ जून २०२३ रोजी, त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की १८६८ च्या तहानुसार नवाहो लोकांना पाणी मिळवून देण्यासाठी स्वतःहून पावलं उचलणं सरकारवर बंधनकारक नाही. म्हणजे हक्क तुमचा आहे, पण पाणी आणून देणं आमचं काम नाही.

आंबेडकरी वाचकाला ही भाषा ओळखीची वाटली पाहिजे. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. हक्क कागदावर आला. पण पाण्याला हात लावायची हिंमत कुणाची होणार? त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि ओंजळभर पाणी प्यायल्यावर डोकी फुटली. त्यानंतर कोर्टात दहा वर्षं गेली. १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

दोन्ही अन्याय एकच आहेत असं मी म्हणत नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने तसं म्हणू नये. महाडला विटाळाचा प्रश्न होता. स्पर्शाला बंदी होती. लेक पॉवेलला कुणी कुणाला शिवू नको म्हणत नाही. ती दिने आजी उद्या काठावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसू शकते. पण तिच्या घरापर्यंत पाईप नाही, आणि तो टाकण्याची जबाबदारी कुणाची नाही. जातीने पाण्याभोवती कुंपण घातलं. तिकडे वसाहतवादाने पाण्याची वाट दुसरीकडे वळवली. तहानलेल्या माणसाला मात्र दोन्हीकडे तेवढीच तहान लागते.

आणि वाट वळवली म्हणजे किती वळवली ते बघा. पेजजवळ नवाहो जमिनीवर कोळशावर चालणारं मोठं वीजकेंद्र होतं. कोळसा नवाहो आणि होपी लोकांच्या जमिनीतला, थंड करायला पाणी लेक पॉवेलचं. २०१९ साली ते बंद पडेपर्यंत त्याची वीज वापरून कोलोराडोचं पाणी शेकडो किलोमीटरच्या कालव्याने फिनिक्स आणि टूसॉनकडे चढवलं जात होतं. नवाहो नेशनमधल्या हजारो घरांत त्या काळात वीजही नव्हती. माझी मैत्रीण त्याच फिनिक्समध्ये राहते. त्या रात्री ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या घरचा नळ त्यांच्या कोळशावर चालत होता." मी तिला म्हटलं, हे कळल्यावर अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही, तुझ्या शहरात पाण्यावर बोलणारे जे कोणी असतील, त्यांच्या बैठकीला जा.

मग धरणच वाईट म्हणायचं का? इथे आपल्यातले काही मित्र घाईने हो म्हणतील. बाबासाहेबांनी हो म्हटलं नसतं. मजूर खात्यासोबत पाटबंधारे आणि वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. दामोदर, महानदी या नद्यांवरच्या बहुउद्देशीय योजनांचा पाया त्या काळात घातला गेला, आणि दामोदरसाठी नमुना होता अमेरिकेच्याच टेनेसी खोऱ्याचा. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी मांडलं की माणूस पाणी जास्त झाल्यामुळे जितका भोगतो, त्याहून अधिक पाण्याच्या अभावामुळे भोगतो. म्हणून पाणी वाहून घालवू नका, साठवा. ते पाण्याचे शत्रू नव्हते आणि यंत्राचेही नव्हते. पण पाणी साठवायचं कुणासाठी, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. सार्वजनिक पैशातून साठवलेलं पाणी सार्वजनिकच राहिलं पाहिजे, आणि सार्वजनिक म्हणजे शेवटच्या माणसाच्या घागरीपर्यंत.

इथे मी गरज आणि इच्छा हा धम्मातला फरक पुन्हा पुढे ठेवते. तो फक्त माशापुरता नाही. तो पाण्यालाही लावता येतो. प्यायचं पाणी ही गरज. गोल्फचं मैदान ही हौस. आमची हाऊसबोटही हौसच. हौस असायला हरकत नाही, फुरसतीचा हक्क मी वर मांडलाच आहे. पण गरज भागण्याआधी हौस भागवणारी व्यवस्था ही हिंसा करणारी व्यवस्था आहे, मग तिच्या हातात गळ असो वा नसो.

आणि हे बघायला अ‍ॅरिझोनाला जायची गरज नाही. एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. त्याच महिन्यात महाराष्ट्रात आयपीएलच्या मैदानांवर पाणी मारलं जात होतं, आणि मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्या. आमचा लातूरचा मित्र तेव्हा कॅलिफोर्नियातून दर रविवारी आईला फोन करून विचारायचा, पाणी आलं का? आपल्या धरणांचं पाणी उसाला किती जातं, कारखान्याला किती जातं आणि दलित वस्तीच्या शेवटच्या नळाला किती पोहोचतं, हे आपल्यातले किती कार्यकर्ते सांगू शकतील?

म्हणून तरुण मित्रांनो, माझी एक सूचना आहे. २० मार्चला आपण महाडला जातो, अभिवादन करतो, जायलाच हवं. पण त्यासोबत आपापल्या तालुक्यातल्या एका धरणाचा किंवा तलावाचा अभ्यास करा. पाणीवाटपाचा ठराव कधी झाला, तो कुणी केला, त्या बैठकीत आपलं कोण होतं? मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे आणि जाळं प्रत्यक्षात कुणाच्या हातात आहे? धरणात कुणाची जमीन गेली आणि त्यांच्या आजच्या वस्तीत नळ आहे का? माहिती अधिकारात अर्ज टाका. आलेली उत्तरं विहारात रविवारी वाचून दाखवा. आणि गरज कुठे आहे, हौस कुठे आहे, याची खूण त्या कागदावर लाल शाईने करा. पुढचा मोर्चा कुठे न्यायचा हे तो कागदच सांगेल.

जय भीम!